दुसरी बाटली

१

अक्षदाची बाटली तापली नाही, तेव्हा मला बरं वाटलं होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे ज्यांच्यावर संशय घेतला गेला त्यांत मीही होते आणि तो संशय अगदीच खोटा नव्हता.

फेब्रुवारी २००९ मधली गोष्ट. जुन्नरहून आळेफाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं फार्मसी कॉलेज होतं. घोडेगावकडची अक्षदा शिंगोटे आणि अवसरीची मी, आरती भोर, दोघी एम. फार्म.च्या शेवटच्या वर्षाला होतो. जुन्नरच्या बाजारपेठेत एका खोलीत राहायचो, एकाच एसटीनं कॉलेजला जायचो. माझे प्रयोग दर महिन्याला फसायचे. तिचा एकदा फसला की ती डबा न खाता तिथंच उभी राहायची आणि दुसऱ्या दिवशी तो जमायचा. तिच्या हातांचा मला हेवा वाटायचा.

तिनं केलं होतं ते असं. डोळ्यांच्या तपासणीत शिरेतून देतात तो एक हिरवा रंग तिनं घेतला आणि शरीरात आपोआप विरघळणाऱ्या पदार्थाच्या अतिसूक्ष्म गोळ्यांत कोंडला. केसाच्या जाडीत शेजारी शेजारी सात-आठशे बसतील एवढ्या बारीक गोळ्या. त्या कॅन्सरच्या गाठीत जाऊन साठाव्यात, वरून डोळ्यांना न दिसणारा लेझरचा प्रकाश सोडावा, रंगानं तो पिऊन घ्यावा आणि तापावं. मग गाठ आतल्या आत जळेल आणि भोवतालचं मांस शाबूत राहील. प्राण्यांवरचे प्रयोग अजून व्हायचे होते. त्यासाठीच मुंबईच्या एका संशोधन संस्थेची समिती बुधवारी बघायला आली होती. पसंत पडलं तर अक्षदाला तिथं पीएच.डी.ला जागा मिळणार होती.

सोमवारी संध्याकाळी तिनं सहा बाटल्या भरल्या, फॉइल गुंडाळून कुलूप असलेल्या फ्रीजमध्ये ठेवल्या. त्याआधी थोडं द्रावण लेझरखाली धरलं होतं. पाच मिनिटांत सत्तावीसवरून सत्तेचाळीस अंश. मी स्वतः आकडे वाचले होते.

बुधवारी भरत सरांनी, आमच्या मार्गदर्शकांनी, फ्रीजमधून पहिली बाटली काढली. स्वतःच्या हातानं परीक्षानळीत ओतली. लेझर सुरू झाला. समितीच्या तिघांनी चष्मे चढवले.

सत्तावीस. सत्तावीस पूर्णांक पाच. अठ्ठावीस.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. तापमानाचा काटा अठ्ठावीसवरून हलला नाही.

"सर, दुसरी लावूया," अक्षदा म्हणाली. तिचा आवाज मला ओळखू आला नाही. दारातूनही कोणीतरी तेच ओरडलं.

"राहू दे," सर म्हणाले. "पाहुण्यांचा वेळ घेऊ नकोस. माल बिघडलाय. सहाच्या सहा गेल्यात." त्यांनी फ्रीजला कुलूप लावलं, प्रयोगशाळेच्या शिपायाकडची, सयाजीकडची, दुसरी चावीही मागून घेतली. समितीच्या मॅडम म्हणाल्या, "आम्ही नाशिकला निघालोय. शुक्रवारी दुपारी याच रस्त्यानं परत येऊ. काही सांगण्यासारखं असेल तर सांगा." त्यांचा चेहरा सांगत होता की असं काही असणार नाही.

परतीच्या एसटीत अक्षदा रडली नाही. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. माझ्या मनात तेव्हा काय चाललं होतं, ते तिला कळलं असतं तर तिनं मला गाडीतून ढकललं असतं.

२

आमच्या घरमालकीण जतनबाई. बाजारपेठेत त्यांचं साड्यांच्या फॉल-अस्तरांचं आणि ब्लाउजपीसचं दुकान होतं. पिढ्यान् पिढ्या जुन्नरला राहिलेलं मारवाडी जैन घर. त्यांचे यजमान फतेचंदजी कॉलेजच्या विश्वस्तांत होते. ते गेल्यावर त्यांची जागा बाईंकडे आली. आम्ही त्यांना काकू म्हणायचो. गिऱ्हाइकानं नुसतं "मोरपंखी" म्हटलं की त्या अकरा मोरपंखी काढून दाखवायच्या आणि दाराशी नेऊन म्हणायच्या, "आता इथं उन्हात बघ."

बुधवारी संध्याकाळी अक्षदानं त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मधे फक्त तीनदा तोंड उघडलं.

"ती बाटली फॉइलमध्ये का गुंडाळतेस?"

"उजेडानं रंग मरतो, काकू. उन्हात ठेवला तर एका दिवसात पिवळट पाणी होतं."

"म्हणजे कच्चा रंग."

"हो. तोच त्याचा दोष आहे. म्हणून तर गोळ्यांत कोंडला. तरी पूर्ण टिकत नाही."

"आणि उरलेलं औषध कुठंय?"

पहिल्या बाटलीतलं अर्धं उरलं होतं. अक्षदानं ते पर्समधून घरी आणलं होतं आणि रागारागानं फॉइल ओरबाडून गॅलरीच्या कठड्यावर ठेवून दिलं होतं. बाटली अजून तिथंच होती.

गुरुवारी आम्ही कॉलेजला गेलोच नाही. दुपारी तीनच्या सुमाराला काकू वाळत घातलेले कपडे काढायला गॅलरीत आल्या आणि कठड्यापाशी थांबल्या. त्या बराच वेळ हलल्या नाहीत.

"अक्षदा, इकडे ये. काल दुपारपासून ही उन्हातच आहे ना?"

"असू दे ना, काकू. फेकायचीच आहे."

"बघ तरी."

अक्षदानं बघितलं. मीही बघितलं. बाटलीतलं द्रावण हिरवंगार होतं. काल होतं तेवढंच.

"तुझा रंग कच्चा," काकू म्हणाल्या. "हा पक्का आहे. पोरी, तुझं औषध बिघडलेलं नाही. हे तुझं औषधच नाही."

३

अर्ध्या तासात काकूंनी दुकान बंद केलं आणि आम्हाला घेऊन रिक्षानं कॉलेज गाठलं. विश्वस्त म्हणून त्यांना कोणी अडवलं नाही.

बाटलीतलं द्रावण थोडं दुधाळही होतं. अक्षदानं जाता जाता त्याचा उलगडा केला. रंग न भरलेल्या रिकाम्या गोळ्यांचं पाणी तुलनेसाठी त्याच फ्रीजमध्ये ठेवलेलं असतं. कोणीतरी त्यात खाण्याचा हिरवा रंग मिसळला असणार. "दिसायला सेम. पण तो रंग लेझरचा प्रकाश पीतच नाही. तापणार कुठून?"

म्हणजे ज्याच्या हाती फ्रीजची चावी होती, त्याचं हे काम.

सयाजी प्रयोगशाळेच्या दारात स्टुलावर बसला होता. काकूंना बघून उठला.

"बाई, दोनच चाव्या. एक भरत सरांकडं, एक माझ्याकडं. पर मंगळवारी आमच्या गावची यात्रा व्हती. मी रजेवर व्हतो. जाताना चावी गोरख सरांकडं दिली. त्यांच्या हळदीच्या बाटल्या असत्यात ना त्याच फ्रीजमधी."

"आणि भरत सर मंगळवारी होते का?"

"मी न्हवतो तर कसं सांगू? खोटं न्हाई बोलणार."

गोरख सर म्हणजे दुसऱ्या विभागाचे प्राध्यापक. हळदीच्या अर्कावर त्यांचं काम होतं. याच समितीकडे त्यांनीही अर्ज केला होता आणि तो पहिल्याच चाळणीत गळला होता. स्टाफरूममध्ये ते अक्षदाला 'मुंबईकर मॅडम' म्हणायचे, तिला ऐकू जाईल असं.

काकूंनी त्यांना सरळ विचारलं. "मंगळवारी चावी तुमच्याकडे होती?"

"होती." गोरख सरांनी खुर्ची मागे सारली. "आणि बुधवारी मला आनंद झाला, हेही लिहून घ्या. आमची हळद यांना गावठी वाटली ना? मग बसा म्हटलं. पण बाई, मी बाटलीला हात लावला असता तर मी दारात उभा राहून ओरडलो नसतो."

"काय ओरडलात?"

"'अरे भरत, दुसरी लाव की!' सगळ्यांनी ऐकलं. विचारा या पोरींना."

आम्ही ऐकलं होतं. अक्षदाच्या विनवणीपाठोपाठ दारातून ती हाक आली होती.

"तुम्हाला आनंद झाला होता ना? मग दुसरी लाव का म्हणालात?"

गोरख सरांनी खुर्ची पुन्हा पुढे ओढली. "सवय हो. एक नमुना फसला की माणूस दुसरा लावतो. माझी हळद एकोणीस वेळा फसलीय. मी वीस वेळा लावलीय."

भरत सरांच्या केबिनमध्ये टेबलावर ढीगभर कागद होते. नऊ वर्षं ते सोन्याच्या सूक्ष्म कणांवर काम करत होते. तेही तापायचे, पण शरीरातून बाहेर पडत नव्हते आणि दर वेळी तिथंच गाडी अडायची. सर थकलेले दिसले.

"काकू, माझं तुमच्यापेक्षा जास्त नुकसान झालंय," ते म्हणाले. "माझी विद्यार्थिनी आहे ती. चावी कोणाकडे होती ते सयाजीनं सांगितलंच असेल. मी नाव घेत नाही."

"उरलेल्या पाच बाटल्या?"

"फ्रीजमध्ये. सगळ्या खराब आहेत. उद्या टाकून द्यायला सांगतो."

"इतक्यात नका टाकू," काकू म्हणाल्या आणि उठल्या.

केबिनबाहेर त्या मला म्हणाल्या, "आरती, खायचा हिरवा रंग जुन्नरमध्ये कुठं मिळतो गं?"

"मला काय माहीत, काकू," मी म्हणाले.

मी खोटं बोलले होते.

४

सोमवारी सकाळी भरत सरांनी मला व्हरांड्यात थांबवून वीस रुपये दिले होते. "येताना बाजारातून मिठाईच्या हिरव्या रंगाची पुडी आण. डिप्लोमाच्या पोरांना सिरपचं प्रॅक्टिकल द्यायचंय." मी मंगळवारी सकाळी आणून दिली. दुपारी सरांच्या उजव्या हाताच्या दोन नखांत पोपटी रंग बसलेला मी पाहिला. सिरपचं प्रॅक्टिकल तर त्या दिवशी नव्हतंच.

बुधवारी काटा अठ्ठावीसवर अडकला, तेव्हा ती नखं मला आठवली. मला सगळं कळलं होतं असं मी म्हणणार नाही. कळून घ्यायला एक पाऊल पुढे टाकावं लागत होतं आणि ते मी टाकलं नाही. अक्षदा मुंबईला जाणार नव्हती. अक्षदा माझ्यासारखीच होणार होती. ती कल्पना मी दोन दिवस आतल्या आत चघळत होते.

गुरुवारी संध्याकाळी अक्षदा गावी फोन लावायला एसटीडी बूथवर गेली. तिच्या वडिलांनी, चांगदेवकाकांनी, आधीच बजावलं होतं की हे मुंबईचं जमलं नाही तर मे महिन्यात लग्न. काकू दुकानात ब्लाउजपीसच्या घड्या घालत होत्या. मी समोर बसले होते.

"माझी धाकटी जाऊ होती," त्या अचानक म्हणाल्या. "तिचा हात शिवणात फार चांगला. एकदा तिनं लग्नासाठी केलेला कशिदा मी चुलीजवळ ठेवला. मुद्दाम नाही. पण तिथं ठेवू नये हे मला माहीत होतं. ठिणगी उडाली." त्यांनी घडी मोडली, पुन्हा घातली. "ती वारली तोवर मी सांगितलं नाही. आता कोणाला सांगू?"

मी एक ब्लाउजपीस उचलून त्याची घडी घालू लागले.

"मी तुला काही विचारत नाहीये," काकू म्हणाल्या. "उद्या दहा वाजता भरत सरांच्या केबिनमध्ये जायचंय. तू नाही आलीस तरी चालेल."

५

मी गेले. केबिनमध्ये भरत सर, गोरख सर, अक्षदा, दारात सयाजी. काकू बसल्या नाहीत. त्यांनी ती हिरवी बाटली टेबलावर ठेवली आणि उन्हाची हकीकत सांगितली.

"म्हणजे बाटली बदलली," त्या म्हणाल्या. "कोणी, ते नंतर. आधी किती बदलल्या ते बघू."

"सहाही," सर म्हणाले.

"कशावरून? एकच उघडली गेली. माझ्याकडे एक ब्लाउजपीस विटका निघाला तर मी गठ्ठा फेकत नाही. आधी दुसरा उलगडते. गोरख सरही तेच म्हणाले. अक्षदाही तेच म्हणाली. समिती समोर बसलेली, नऊ वर्षांत पहिल्यांदा मोठी माणसं या कॉलेजात आलेली, आणि तुम्ही दुसरी बाटली लावली नाहीत."

"लाज वाटली म्हणून."

"बरं. मग असं बघा. गोरख सरांनी बदलली असती, तर ते दुसरी लाव म्हणून ओरडले नसते. दुसरी तापली असती तर त्यांचाच डाव फुकट जात होता. आणि सहाही बदललेल्या असत्या, तर करणाऱ्याला दुसरीची भीती कसली? समितीसमोर दोन पडल्या, तीन पडल्या असत्या तर या पोरीचं काम कायमचं संपलं असतं. मग दुसरीला अडवायचं कशाला? जो अडवतो त्याला माहीत असतं की दुसरी तापणार आहे." त्या सरांकडे वळल्या. "भरत सर, पहिली बाटली तुम्ही काढलीत. चाव्या तुम्ही गोळा केल्यात. फ्रीज उघडा."

सरांनी खिशावर हात ठेवला. "हा नुसता तर्क आहे, काकू. कापडाच्या दुकानातला तर्क. पुरावा काय?"

गोरख सर काकूंकडे बघत होते. काकू माझ्याकडे बघत नव्हत्या, अजिबात नाही.

"रंग मी आणला," मी म्हणाले.

अक्षदानं मान वळवली.

"सरांनी सांगितलं म्हणून आणला. मंगळवारी. सरांच्या नखांत तो होता. मी बुधवारीच सांगायला हवं होतं." मी अक्षदाकडे बघितलं. "सांगितलं नाही."

भरत सर हळूच खुर्चीत बसले. त्यांनी दोन्ही चाव्या टेबलावर ठेवल्या.

"समितीचं पत्र तिच्या नावानं आलं," ते म्हणाले. "प्रिय कुमारी शिंगोटे. माझं नाव तिसऱ्या ओळीत. नऊ वर्षं सोनं उगाळलं मी. ही आली, बाजारात मिळणारा एक रंग घेतला आणि चौदा महिन्यांत..." त्यांनी अक्षदाकडे बघितलं. "एकदा तुझं पडावं एवढंच हवं होतं. तू गावी गेली असतीस, मग मी ते पुन्हा उभं केलं असतं. माझ्या नावावर."

"मग उरलेल्या पाच ओतून का नाही दिल्यात, सर?" अक्षदानं विचारलं.

"काल दोनदा गेलो सिंकपाशी." सरांनी चाव्या पुढे सरकवल्या. "ओतवल्या नाहीत. फार चांगल्या झाल्यात त्या."

आम्ही प्रयोगशाळेत गेलो आणि सयाजीनं फ्रीज उघडला. दुसरी बाटली. अक्षदानंच ओतली. लेझर सुरू झाला आणि सयाजीसकट सगळे काट्यावर वाकलो. तीस. पस्तीस. एक्केचाळीस. चार दिवस जुनं झाल्यामुळे द्रावण थोडं कमी पडलं. पाच मिनिटांनी काटा पंचेचाळीसवर थांबला.

गोरख सर सगळ्यात आधी बोलले. "आयला," ते म्हणाले आणि बाहेर निघून गेले. पुढे कधी त्यांनी अक्षदाला मुंबईकर मॅडम म्हटलं नाही.

६

दुपारी समितीची गाडी नाशिकहून आली. अक्षदानं तिसरी बाटली लावली, मग चौथी. मॅडमनी तिला विचारलं, "परवा काय झालं होतं?" अक्षदानं एकदा सरांच्या बंद केबिनकडे बघितलं. "बाटली बदलली गेली होती," ती म्हणाली. "आता कळलंय कशी ते." नाव तिनं घेतलं नाही. ते काकूंनी विश्वस्तांच्या बैठकीत घेतलं आणि महिन्याभरात भरत सरांनी राजीनामा दिला.

माझ्याशी अक्षदा सतरा दिवस बोलली नाही. एकाच खोलीत. मी चहा ठेवायचे, ती स्वतःचा वेगळा ठेवायची. अठराव्या दिवशी ती बॅग भरत होती. पाठमोरी असतानाच म्हणाली, "तिथं माल बनवायची यंत्रं यायला सहा महिने लागतील. उंदरांचे प्रयोग त्याआधी सुरू होणार. तोवर माल इथंच बनवावा लागेल. दर पंधरा दिवसांनी."

"कोण बनवणार?"

"तू. माझी पद्धत तुझ्याशिवाय कोणाला येत नाही." तिनं बॅगची चेन ओढली. "तू जळतेस, ते मला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. दोन दिवस गप्प बसशील, हे माहीत नव्हतं. प्रत्येक बाटली मी तुझ्यासमोर तपासून घेणार आहे."

मी हो म्हणाले.

पहिली खेप मी एप्रिलमध्ये नेली. आळेफाट्याहून मुंबईची गाडी, मांडीवर बर्फाची पेटी. अक्षदानं मला स्टुलावर बसवलं आणि आठही बाटल्यांतला थेंब थेंब लेझरखाली धरला. दोन तास लागले. सगळ्या तापल्या. "ठीक आहे," ती म्हणाली, आणि मी परतीची गाडी पकडली. दुसऱ्या खेपेलाही तसंच. तिसऱ्या, चौथ्यालाही. वाटेत दर वेळी मला तिचा राग यायचा, आणि तिच्या त्या मोठ्या प्रयोगशाळेचा हेवाही वाटायचा. तो गेला नाही. पण बनवताना माझा हात एकदाही हलका पडला नाही.

पाचव्या खेपेला मी पेटी टेबलावर ठेवली आणि सवयीनं स्टुलावर बसले. अक्षदानं पेटी उघडली, बाटल्या एकेक करून फ्रीजमध्ये लावल्या आणि दार बंद केलं. लेझरकडे ती गेलीच नाही.

"तपासायच्यात ना?" मी विचारलं.

"उशीर झालाय," ती म्हणाली. घड्याळात अकरा वाजले होते, सकाळचे. तिनं अंगावरचा एप्रन काढून खुंटीला अडकवला. "चल, जेवून घेऊ. मग उंदीर दाखवते तुला. एकाची गाठ निम्मी झालीय."